पंचमीआधी भिंतीचे काय ते सांगा

चैत्र शुद्ध प्रतिपदा, सकाळ. आमच्या घराच्या दर्शनी भिंतीवरचा सगळा चुना पत्र्याने खरवडून काढण्यात आला. जबाबदार : माझा थोरला मुलगा.

वैशाख शुद्ध तृतीया. नातीच्या लग्नासाठी त्या भिंतीवर हाताने काहीही काढले जाणार नाही, छापील फ्लेक्स लागेल, असे माझी हरकत डावलून ठरले. जबाबदार : तोच मुलगा, फ्लेक्स छापणारा दुकानदार, आणि त्या दुकानदाराचा बाप, ज्याने उभ्या आयुष्यात या गावाच्या भिंती रंगवल्या आणि त्या दिवशी खुर्चीत बसून पोराचीच बाजू घेतली.

हळदीचा आदला दिवस. फ्लेक्सवरच्या गणपतीची सोंड फिरली. जबाबदार : एक यंत्र आणि ते चालवणारा.

ज्येष्ठ पौर्णिमेनंतरचा सोमवार. फरशीची खोकी आमच्या ओसरीत येऊन पडली. जबाबदार : पुन्हा थोरला मुलगा.

ही खोकी अजून फोडलेली नाहीत. ती फुटण्यापूर्वी हे लिहून होणे आवश्यक आहे. कारण त्या भिंतीवर माझ्या नातीचे नाव आहे, आणि श्रावणातल्या पंचमीला ती लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी येणार आहे.

प्रतिवादींची नावे मी मुद्दाम दिलेली नाहीत. गावात ती सर्वांना ठाऊक आहेत आणि गावाबाहेरच्यांना त्यांचा उपयोग नाही. माझी ओळख मात्र दिली पाहिजे. तालुक्याच्या न्यायालयात दावे दाखल करून घेण्याच्या टेबलावर माझी सगळी नोकरी झाली. मी वकील नव्हतो. तरी गाव मला वकीलसाहेब म्हणते, आणि कौतुकाने म्हणते असा माझा गैरसमज नाही. निवृत्तीनंतर मी पथदिव्यांबद्दल लिहिले, एसटीच्या थांब्यावरच्या उडालेल्या पत्र्यांबद्दल लिहिले, पाण्याच्या टाकीच्या झाकणाबद्दल लिहिले. झाकण बसले. पत्रे अजून बसायचे आहेत. तेव्हा पत्र लिहिणाऱ्या माणसाला या जगात काहीच मिळत नाही, हा जो समज माझ्या घरात पसरवण्यात आला आहे, तो वस्तुस्थितीला धरून नाही.

आता भिंतीविषयी.

आमचे गाव वसमतहून कुरुंद्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत आहे. हळदीचे गाव. आमच्याकडे लग्न ठरले की पहिली गोष्ट होत असे ती भिंत लिहिण्याची. काढण्याची नव्हे, रंगवण्याची नव्हे. आमच्याकडे भिंत लिहितात. घायपाताच्या कुंच्याने दोन हात चुना द्यायचा. तो वाळला की पेंटर यायचा. निळीत भिजवलेली सुतळी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची, मधोमध ओढून सोडायची, की भिंतीवर सरळ निळी रेघ उमटे. दाराच्या वर गणपती, दाराच्या दोन्ही बाजूंना सोंडेत माळ धरलेले हत्ती, हत्तींच्या पायाशी वेलबुट्टी, आणि डाव्या हत्तीच्या खाली, छातीच्या उंचीवर, वधूवरांची नावे आणि तिथी. काव, नीळ, काजळी आणि पिवळ्यासाठी आमची स्वतःची हळद. हळदीचा पिवळा उन्हाने महिन्याभरात उडून जातो हे सर्वांना माहीत असे, तरी तोच वापरत.

सगळे काढून झाले तरी हत्तीचा डोळा बाकी ठेवत. मग पेंटर शिडीवरूनच ओरडे, “डोळा!” घरातून नवरीची आई पानसुपारी घेऊन बाहेर येई, मागोमाग बायका येत, आणि सर्वांच्या देखत तो डोळ्याचा ठिपका ठेवला जाई. त्या ठिपक्यानंतर त्या घरी लग्न लागले असे धरत. अक्षता नंतर पडायच्या, तो भाग वेगळा.

ते नाव पुसायचे नाही, असा दंडक होता. पावसाने जेवढे जाईल तेवढे जावो. पुढच्या लग्नाचा चुना बसेपर्यंत ते भिंतीवर राहणार. आणि मुलगी पहिल्या पंचमीला माहेरी आली की उंबरा ओलांडण्याआधी भिंतीवरच्या आपल्या नावाला हळदीचे बोट लावणार. मगच पाय धुवायला पाणी. माझ्या बहिणींनी लावले, माझ्या मुलींनी लावले. कायद्याच्या भाषेत याला वहिवाट म्हणतात. ज्या वाटेने लोक पिढ्यान्‌पिढ्या बिनहरकत जातात, ती वाट जमिनीच्या मालकालाही बुजवता येत नाही. हा मुद्दा मी पुढे घेणार आहे.

पेंटर म्हणजे आमच्याच गावातला, मशिदीच्या मागच्या आळीतला, माझ्याहून थोडा लहान. त्याचे वडीलही हेच करत. माझ्या लग्नात भिंत त्यांनी लिहिली. या पेंटरचा स्वभाव तेव्हाही चढेल होता. हत्ती मात्र असा काढी की तो भिंतीतून बाहेर पडून गल्लीतला कडबा खाईल असे वाटे. आणि त्याची एक खोड सर्व गावाला ठाऊक होती : ज्या घरी जेवण चांगले, तिथला हत्ती लठ्ठ. लग्नाला आलेले पाहुणे हत्तीचे पोट पाहून घराची पारख करत. माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात आमच्या घरी गडबडीत त्याला पिठले-भाकरी वाढली गेली आणि आमच्या हत्तीच्या बरगड्या मोजता येतील असा तो निघाला. माझ्या पत्नीने हा अपमान आजतागायत सोडलेला नाही. पेंटर रस्त्यात भेटला की ती अजून विचारते, “काय भाऊ, कोणाचा हत्ती उपाशी मारून आलात?”

चुन्यावर चुना चढत गेला. एखाद्या पावसाळ्यात पोपडा निघे आणि धाकट्या मुलीच्या हत्तीच्या पोटातून थोरल्या मुलीच्या हत्तीचा पाय डोकावे. त्याहून खोल पोपडा गेला तर पेंटरच्या वडिलांच्या हातची निळी वेल दिसे. दुपारी ओसरीत बसून ते पाहत राहणे हा माझा निवृत्तीनंतरचा मुख्य उद्योग होता, हे मी मान्य करतो.

पाडव्याच्या सकाळी मी नरसीला दर्शनाला गेलो होतो. परत आलो तो भिंत उघडी. लाल विटा आणि खाली ढीग. ढिगातला एक तुकडा मी उचलला. त्याच्या कडेला चुन्याचे थर एकावर एक, कांद्याच्या पातीसारखे, आणि मधूनमधून रंगाची बारीक रेघ : काव, नीळ, पुन्हा काव. तो तुकडा मी बिस्किटाच्या डब्यात ठेवला आहे. मुद्देमाल म्हणून.

मुलाला मी ओसरीत बोलावले.

“ही भिंत कोणाला विचारून उतरवली?”

“आबा, भिंत फुगली होती. आत ओल धरून राहिली. आई त्याच भिंतीला लागून झोपते. तिचा खोकला काहून जात न्हाई, इचारा की डॉक्टरला.”

“नोटीस द्यायला हवी होती.”

“घरातल्या घरात नोटीस?” तो हसला. माझा मुलगा वाईट माणूस नाही. तो शेत पाहतो, हळद शिजवतो, आम्हा दोघांना दवाखान्यात नेतो आणि गाडीवर मागे बसल्यावर मला ‘घट्ट धरा’ म्हणून बजावतो. “आता प्लास्टर करतो, प्लॅस्टिक पेंट मारतो. लग्न होऊन जाऊ द्या, पुढं फरशीच लावून टाकू. पाणी आत शिरायची बातच न्हाई.”

आतून पत्नीचा खोकल्याचा आवाज आला आणि मागोमाग तिचा. “खोकला माझा हाय आन भिंत बी माझी हाय. मला कोणी इचारलं का?”

यावर मुलगा चप्पल घालून शेताकडे निघून गेला.

तृतीयेला मी मुलाबरोबर फ्लेक्सच्या दुकानात गेलो. हरकत नोंदवण्यासाठीच गेलो. दुकान पेंटरच्या मुलाचे. आत पंखा, दोन संगणक, आणि पडद्यावर हत्ती. तो बोट हलवी तसा हत्ती लहान होई, मोठा होई, निळा होई, सोनेरी होई. मी विचारले, हा कोणाचा हत्ती? तो म्हणाला, “सगळ्यांचाच हाय, काका. शिरड शहापूरला बी हाच गेला, औंढ्याला बी हाच.” म्हणजे पाच कोसांत जिथे जिथे लग्न, तिथे तिथे एकच हत्ती, एकाच वजनाचा, कोणी काय जेवू घातले याच्याशी त्याला काही कर्तव्य नाही.

पेंटर कोपऱ्यात खुर्चीवर होता. खांदा धरलेला, गुडघे गेलेले, डोक्यावर पांढरी टोपी. मी त्याला साक्षीदार समजून बोललो.

“तुम्ही तरी सांगा पोराला. ही काय भिंत झाली?”

“वकीलसाब,” तो म्हणाला, “तुमाला हत्ती आठवतो. मला ऊन आठवतं. तुमची भिंत पश्चिमेची. वैशाखात दुपारी ती भिंत नसते, तवा असतो तवा. तुमी ओसरीत बसून पाणी पीत हत्ती बघायचे. मी शिडीवर उभा राहून त्याची शेपटी काढायचो.”

“म्हणजे तुम्हाला याची खंत नाही?”

“खंत काहून? माझं पोरगं सावलीत बसून हत्ती काढून राहिलं. मी देवाकडं दुसरं काय मागितलं होतं?”

मला राग आला. तो पेंटरच्या उद्दामपणाचा नव्हता. त्याच्या म्हणण्याला माझ्याजवळ खंडन नव्हते, त्याचा होता. ज्या गोष्टीसाठी मी भांडत होतो ती ज्याच्या खांद्यातून निघाली, तो खांदा मला कधी दिसला नव्हता. पण हेही लिहून ठेवतो, की परत निघताना तो माझ्या मागे दारापर्यंत आला आणि हळूच विचारता झाला, “खरवडली ना भिंत? आमच्या अब्बांची निळी वेल होती खाली. ती बी गेली?” मी हो म्हणालो. त्याने फक्त टोपी काढून पुन्हा घातली.

हळदीच्या आदल्या दिवशी फ्लेक्स आला. भिंतीला खिळे ठोकून ताणून बसवला. अर्धी गल्ली झाकली जाईल एवढा. मधोमध नवरा-नवरीचे फोटो, दोन्हीकडे तो सार्वजनिक हत्ती, आणि फोटोंच्या बाजूला गणपती. पोरे खाली उभी राहून स्वतःचे फोटो काढू लागली. मुलगा कमरेवर हात ठेवून समाधानाने पाहत होता. तेवढ्यात माझी पत्नी पदर सावरत बाहेर आली, हात जोडले, आणि जोडलेले हात तसेच राहिले.

“अगं बाई! ह्यो उजव्या सोंडेचा हाय!”

सर्वांनी वर पाहिले. सोंड उजवीकडे वळलेली होती, यात शंका घेण्यास जागा नव्हती.

“आई, फोटो हाय तो,” मुलगा म्हणाला.

“मंग हात काहून जोडले म्या आत्ताच? फोटोला जोडले का देवाला?”

“चुकून झालं असंल.”

“उजव्या सोंडेच्याचं सोवळं असतंय. कडक. लग्नाचं घर हे, शंभर माणसांचा राबता, कोणाचा कोणाला मेळ न्हाई. त्याच्याखाली माझ्या लेकराला हळद लावणार तुमी? म्या न्हाई लावू देणार.”

ज्या वाचकांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी : आमच्याकडे घरात डाव्या सोंडेचा गणपती ठेवतात. उजव्या सोंडेच्या गणपतीला अत्यंत कडक सोवळेओवळे पाळावे लागते, म्हणून संसारी माणूस त्याच्या वाटेला जात नाही. दुकानदाराला फोन लावला. तो धावत आला, वर पाहिले, आणि कपाळावर हात मारला. घडले होते ते असे : गणपती फोटोच्या एका बाजूला आला होता. त्याने फोटोकडे पाठ करून बसू नये म्हणून याने एक बटण दाबून त्याला आरशातल्यासारखा उलटा केला. गणपती नवरा-नवरीकडे पाहू लागला, पण सोंड फिरली. हाताने काढणाऱ्याला गणपती उलटा करता येत नाही. त्याला तो पहिल्यापासून काढावा लागतो आणि काढताना सोंडेपाशी हात थांबतोच. या मुद्द्यावर मी तिथे सविस्तर बोललो. कोणी ऐकत नव्हते.

“उद्या वसमतहून दुसरा छापून आणतो, काकी,” दुकानदार म्हणाला.

“उद्या हळद हाय. वसमतची लाईट गेली तर? मला सांगू नको. तुझ्या बापाला घेऊन ये.”

नवरी, म्हणजे माझी नात, हाताला मेंदी लावलेली तशीच आतून बाहेर आलेली होती. ती नांदेडला शिकलेली, मोबाइलवर जगाचे व्यवहार करणारी. मला वाटले होते ती फ्लेक्सच्या बाजूची असेल. ती एवढेच म्हणाली, “पप्पा, नाव तरी भिंतीवर लिहू द्या. पंचमीला मी हळद कुठं लावू? फ्लेक्सला?”

मुलाने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा भिंतीकडे, आणि स्वतः शिडीवर चढून खिळे उपटू लागला. हे त्याच्या बाजूने नमूद करणे माझे कर्तव्य आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे ऊन चढण्याआधी पेंटर आला. आपल्या मुलाच्या गाडीवर मागे बसून आला आणि उतरताच म्हणाला, “वकीलसाब, मी तुमच्यासाठी नाही आलो. दुकानाचं नाव खराब होऊन राहिलं, म्हणून आलो.” त्याला गल्लीत खुर्ची दिली. प्लॅस्टिक पेंटवर चुना धरत नाही, काव ओघळते. म्हणून दुकानातले ऑइल पेंटचे डबे आणले होते. शिडीवर चढला तो फ्लेक्सवाला मुलगा. लहानपणी बापाबरोबर हिंडला असेल तेवढेच. त्यानंतर ब्रश धरलेला नव्हता. बाप खालून सूचना देऊ लागला आणि अवघी गल्ली चहा घेऊन तमाशा पाहायला उभी राहिली.

“कान मोठा घे. अरे, मोठा म्हणजे सूप न्हाई!”

“अब्बा, तुमीच या मग वर.”

“मी वर येऊ? खांदा देतो का तुझा? सोंड खाली घे. खाली. ती सोंड हाय, नळ न्हाई.”

“काका,” शेजारच्या एकाने विचारले, “रेडा काढून राहिले का तुमी?”

“तुझ्या लग्नात काढीन रेडा. तुझ्याच बाजूला उभा करीन,” पेंटर म्हणाला, आणि गल्ली हसली.

मध्ये न्याहारी झाली. माझ्या पत्नीने पिठल्याचे उट्टे काढले : पुरणपोळी, वर तुपाची धार, कढी, भजी, आणि पुन्हा पोळी. पेंटर नको नको म्हणत राहिला, ती वाढत राहिली. “खा भाऊ. आज हत्ती उपाशी ठेवायचा न्हाई.” परिणामी उजव्या बाजूचा हत्ती इतका फुगला की त्याचे पोट खिडकीला टेकले आणि खिडकीची चौकट त्याच्या पोटात गेली. तो सुंदर नाही. मी मनात कितीही पक्षपात आणला तरी तो सुंदर नाही. पण त्या हत्तीकडे पाहून माझी पत्नी हसली, आणि हसताना तिला खोकला आला नाही.

गणपतीची सोंड डावी निघाली. ती सर्वांनी जाऊन तपासली.

नावे मात्र पेंटरने स्वतः लिहिली. ती छातीच्या उंचीवर असतात. शिडी लागत नाही. फ्लेक्सवाल्या मुलाने निळ्या सुतळीची रेघ मारून दिली. पेंटर खुर्चीवरून उठला, डाव्या हाताने उजव्याचे मनगट धरले आणि लिहू लागला.

“चाचा, माझं मोठं लिहा,” नात म्हणाली. “त्यांचं बारीक चाललं.”

“आत्ताच? हळद तर लागू दे, बाई!”

नातीच्या नावाची शिरोरेषा निळी रेघ सोडून मध्येच थोडी वर गेली, मग त्याने ती पुन्हा खाली आणली. त्याच्या मुलाने रॉकेलचे फडके पुढे केले. पुसून पुन्हा लिहू या, म्हणाला. नातीने ते फडके त्याच्या हातातून काढून घेतले. मग पेंटर हत्तीपाशी गेला, मोकळ्या डोळ्याच्या जागी काठीला बांधलेला ब्रश धरला, आणि या वयात त्याला जमेल तेवढ्या आवाजात ओरडला, “डोळा!”

माझी सून पानसुपारी घेऊन बाहेर आली. मागोमाग बायका. ठिपका ठेवला गेला. माझ्या शेजारी माझा मुलगा उभा होता आणि तो फ्लेक्सच्या वेळी उभा होता तसा कमरेवर हात ठेवून उभा नव्हता.

इथे हे संपायला हवे होते. संपले नाही.

आधी त्या फ्लेक्सची हकीकत सांगतो. आमच्या गावात लग्न झाले की फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर टाकतात. आमच्या समोरच्यांच्या गोठ्यावर एक नवरदेव गेल्या वर्षापासून उताणा पडलेला आहे; त्याच्या कपाळावर वाऱ्याने उडू नये म्हणून दगड. पण आमचा फ्लेक्स गंजीवर टाकता येत नाही, कारण त्यावर उजव्या सोंडेचा गणपती आहे. जाळता येत नाही, फेकता येत नाही, विहिरीत सोडला तर विरघळत नाही. तो गुंडाळून देवघराच्या कोपऱ्यात उभा केला आहे आणि माझी पत्नी आंघोळ केल्याशिवाय त्याला शिवत नाही. यंत्राने एका क्षणात घडवलेल्या वस्तूचे आता आमच्या घरी आयुष्यभर सोवळे पाळले जाणार, असे दिसते.

आणि ज्येष्ठात फरशी आली. मुलाने लग्नाआधीच मिस्त्रीला शब्द देऊन ठेवला होता. मी त्याला पत्र लिहिले. एकाच घरात राहत असलो तरी रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. पोस्टमनने ते माझ्याच ओसरीत, माझ्यासमोर त्याला दिले आणि मला विचारले, “काका, हातानंच दिलं असतं तर?” मी म्हणालो, मग पोच कशी मिळाली असती? मुलाने सही केली, उभ्याउभ्या वाचले, घडी घालून खिशात ठेवले आणि म्हणाला, “आबा, बघू.”

पत्रात माझे म्हणणे होते ते असे. फरशी लावण्यास माझी सरसकट हरकत नाही. ओल खरी आहे आणि आईचा खोकलाही खरा आहे. परंतु डावा हत्ती आणि त्याखालची नावे, एवढी जागा सोडून फरशी लावावी. यावर मिस्त्रीचे म्हणणे, मध्ये जागा सोडली तर पाणी तिथूनच शिरेल. माझे म्हणणे, मृगाच्या सरी आल्या तेव्हा मी स्वतः हात लावून पाहिले. सगळी भिंत गार लागली, ऑइल पेंटचा भाग कोरडा होता. मुलाचे म्हणणे, वरून कोरडा, आत ओल दबून राहिली. खरे काय, ते भिंत जाणे.

तो आणखी एक बोलला, आणि तो मुद्दा मला रात्रंदिवस चावतो आहे. “आबा, उद्या माझ्या धाकट्या पोराचं लग्न निघालं की ह्याच नावावर तुमीच चुना लावायला सांगणार. मंग फरशीनं काय बिघडलं?”

कायद्याच्या दृष्टीने त्याचा प्रश्न योग्य आहे. माझे उत्तर असे. पुढच्या लग्नाच्या नावाखाली आधीचे नाव जाते, ते आत जाते. पोपड्यातून ते पुन्हा डोकावते, आणि माझ्या डब्यातल्या तुकड्याप्रमाणे थर म्हणून राहते. त्यात एका मुलीने दुसरीला जागा दिलेली असते. फरशीखाली गेलेले नाव कोणाला जागा देत नाही. त्या गुळगुळीत भिंतीवर पुन्हा कोणी कोणाचे नाव लिहिणार नाही. म्हणजे वाद माझ्या एका नातीच्या नावाचा आहे, आणि तिच्यानंतर या उंबऱ्यातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मुलीच्या नावाचाही आहे. वाट बुजवणे आणि वाटेवरून दुसरा पांथस्थ जाणे, यांत फरक आहे. पेंटरचा खांदा आता उठत नाही. त्याच्या मुलाने मला हात जोडून सांगितले की हा पहिला आणि शेवटचा हत्ती. त्या थरथरत्या शिरोरेषेनंतर त्या हाताची दुसरी शिरोरेषा या गावात निघणार नाही, हे मला समजते. त्यांच्यावरचा माझा दावा मी या लेखाने काढून घेतो. बापाने उन्हात पुष्कळ उभे राहून झाले, आणि मुलाने आपली चूक स्वतःच्या हाताने दुरुस्त केली.

परवा नातीचा फोन आला. पत्नीने स्पीकरवर ठेवला होता. सासरच्या गप्पा झाल्या, आणि शेवटी तिने विचारले, “आज्जी, नाव हाय ना अजून?” पत्नीने मुलाकडे पाहिले. मुलगा जेवत होता. त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातातच धरून बसला. पत्नी म्हणाली, “हाय, बाई. तू ये.” काल सकाळी मी त्याला भिंतीसमोर एकटा उभा पाहिला. हातात मोजपट्टी होती. हत्तीची रुंदी मोजत होता, की फरशी किती लागेल ते मोजत होता, हे ओसरीतून कळत नव्हते. मी विचारले नाही. कारण तोंडी विचारले की तो ‘बघू’ म्हणतो.

म्हणून इथे, सर्वांसमक्ष, विचारत आहे.

माझ्या थोरल्या मुलाने पंचमीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत, याच भिंतीसमोर, त्याच्या आईच्या, पेंटरच्या आणि गल्लीच्या समक्ष उभे राहून उत्तर द्यावे. मोबाइलच्या ग्रुपवर नको, मिस्त्रीमार्फत नको, आईच्या कानात नको. ‘बघू’ हे उत्तर धरले जाणार नाही. प्रश्न एकच आहे : दुसऱ्या दिवशी तुझी मुलगी बोटाला हळद घेऊन दारात उभी राहील, तेव्हा त्या बोटासमोर तिचे नाव असेल का? होय म्हणावे किंवा नाही म्हणावे, पण गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असे मोठ्याने म्हणावे. पेंटरसाठी खुर्ची मी बाहेर काढून ठेवली आहे.